टपरीवरचे वायफाय आणि कंपनीची लीज्ड लाइन: ‘पीएम-वाणी’चा प्रकरण अभ्यास

केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 रोजी ‘पीएम-वाणी’ या सार्वजनिक वायफायच्या आराखड्याला मान्यता दिली. चहाची टपरी, किराणा दुकान, झेरॉक्सचे केंद्र अशा कुठल्याही जागी राउटर बसवून तिथून इंटरनेट विकणाऱ्या दुकानदाराला परवाना लागणार नाही, नोंदणी लागणार नाही आणि सरकारला शुल्कही द्यावे लागणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्याआधी 2018 च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने 2022 पर्यंत देशात 1 कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात नोव्हेंबर 2024 पर्यंत वाणीखाली उभ्या राहिलेल्या हॉटस्पॉटची संख्या अडीच लाखांच्या जवळपास होती. परवान्याचा अडसर काढला, तंत्रज्ञान स्वस्त होते आणि मागणीही होती, तरी काम उद्दिष्टाच्या चाळिसाव्या हिश्श्यावर का थांबले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर एका जागी सापडते. वाणीने ग्राहकाच्या बाजूचे दार सताड उघडले, पण दुकानदाराला ज्या दाराने घाऊक इंटरनेट विकत घ्यावे लागते, त्या दाराची किल्ली त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडेच राहिली.

पार्श्वभूमी

वायफाय ज्या लहरींवर चालते त्या वापरण्यासाठी लिलावात पैसे मोजावे लागत नाहीत. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झच्या परिसरातला 605 मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा त्याच वाटेने खुला झाला. लहरींवर सार्वजनिक मालकी असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या प्रसिद्ध खटल्यात सांगितले होते. मोबाइलच्या लहरी कोट्यवधी रुपयांना विकल्या जातात आणि मूठभर कंपन्यांच्या हाती जातात. वायफायच्या लहरी मात्र शक्तीची मर्यादा पाळणाऱ्या कोणालाही वापरता येतात. त्यामुळे सामान्य दुकानदाराला दूरसंचाराच्या धंद्यात पाऊल ठेवायला मिळण्याची शक्यता वायफायमध्येच होती.

ती शक्यता बरीच वर्षे बंद राहिली, याचे एक कारण महाराष्ट्रात घडलेल्या घटनेत आहे. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या इतर ठिकाणांवरूनही असाच प्रकार झाला. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षिततेबाबत सूचना काढल्या आणि सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे बंधनकारक झाले. ही चिंता खरी होती आणि तिला हलके लेखता येणार नाही. पण तिचा व्यवहारातला परिणाम असा झाला की प्रत्येक हॉटस्पॉटवर नव्याने मोबाइल क्रमांक द्या, ओटीपीची वाट पाहा, तो टाका, मग पुढच्या चौकात पुन्हा तेच करा, अशी साखळी लागली. लहान दुकानदाराला तर ओळख नोंदवण्याची आणि जपण्याची जबाबदारी पेलणे अशक्यच होते.

मधल्या काळात मोठ्या हातांनी सार्वजनिक वायफाय चालवण्याचे प्रयोग झाले. रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गूगल यांनी मिळून जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून रेल्वे स्थानकांवरचे मोफत वायफाय सुरू केले आणि जून 2018 पर्यंत ते 400 स्थानकांवर पोहोचले. महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2017 मध्ये मुंबईत 500 ठिकाणी वायफाय सुरू केले. स्थानकाच्या फलाटावर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले, गाडीची वाट पाहताना घरी व्हिडिओ कॉल लावणारे मजूर ही दृश्ये त्या काळात खरोखरच दिसत होती. परंतु फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने हा उपक्रम आवरता घेत असल्याचे जाहीर केले, कारण मोबाइल डेटा स्वस्त झाल्यामुळे त्याची गरज उरली नाही असे त्यांना वाटले. रेलटेलने स्थानकांवरची सेवा पुढे चालू ठेवली. एका मोठ्या संस्थेच्या इच्छेवर चाललेली सेवा त्या संस्थेची इच्छा बदलली की डळमळते, ही गोष्ट मात्र यातून दिसली.

पीसीओची आठवण

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी जुलै 2016 मध्ये सार्वजनिक वायफायवर विचारविनिमयाचा मसुदा काढला आणि 9 मार्च 2017 रोजी शिफारशी केल्या. त्या वेळी ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा होते, जे आधारची यंत्रणा उभारणाऱ्या प्राधिकरणाचे पहिले महासंचालक होते. शिफारशींमागचे मुख्य रूपक पीसीओचे होते. ज्यांनी पिवळ्या पाटीच्या त्या काचेच्या खोल्या पाहिल्या आहेत, रात्री उशिरा दर उतरल्यावर लागणाऱ्या रांगेत उभे राहिले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. घरात फोन नसलेल्या देशाला फोन पोहोचवला तो नाक्यावरच्या दुकानदाराने. मीटरवर पडलेल्या रकमेतला ठरावीक वाटा कमिशन म्हणून त्याला मिळत असे आणि त्यावर त्याचे घर चालत असे. ट्रायने हाच दुकानदार ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’, म्हणजे पीडीओ, या नावाने परत आणायचे ठरवले. त्याने 2 रुपयांपासून 20 रुपयांपर्यंतच्या छोट्या पुड्यांत डेटा विकावा अशी कल्पना होती. शाम्पूच्या पुडीचे गणित इंटरनेटला लावण्याचा तो विचार होता.

रचना चार घटकांची आहे. दुकानदार राउटर बसवतो आणि इंटरनेटची जोडणी घेतो. अनेक दुकानदारांना एकत्र बांधून त्यांचे हिशेब, ओळख तपासणी आणि नोंदी सांभाळणारी संस्था म्हणजे पीडीओए. ग्राहकाच्या फोनमध्ये असते ते ॲप तिसऱ्याच कोणाचे असू शकते. या सर्वांची नावे, हॉटस्पॉटचे पत्ते आणि डिजिटल चाव्या ज्या मध्यवर्ती नोंदवहीत राहतात ती सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते. 1984 मध्ये स्थापन झालेल्या याच सी-डॉटने तेव्हा गावोगावच्या टेलिफोन केंद्रांसाठी देशी यंत्रे बनवली होती, हा योगायोग मला सुखावणारा वाटतो. ग्राहक आपली ओळख ॲपमध्ये एकदाच पटवतो. पुढे तो कुठल्याही पीडीओएच्या हॉटस्पॉटजवळ गेला की ॲप आपल्या डिजिटल सहीनिशी त्याची हमी देते, समोरची संस्था मध्यवर्ती नोंदवहीतल्या चावीने ती सही खरी आहे का ते तपासते आणि इंटरनेट सुरू होते. एका बँकेच्या ॲपमधून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवावेत, तसा हा प्रकार आहे. यात 2009 नंतरचा ओळखीचा प्रश्न दुकानदाराच्या डोक्यावरून उतरतो, आणि कोणा एका कंपनीला ग्राहकाला आपल्या जाळ्यात कोंडून ठेवता येत नाही. ॲप वेगळे, संस्था वेगळी, दुकान वेगळे, आणि प्रत्येक थरात स्पर्धा. सार्वजनिक जाळ्याची इतकी विचारपूर्वक केलेली रचना इतरत्र मला फारशी आढळलेली नाही.

मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने या आराखड्याला सुरुवातीपासून विरोध केला. एकच सेवा देणाऱ्या दोघांना एकच नियम हवेत, आम्ही परवान्याचे आणि लहरींचे पैसे मोजतो आणि हे फुकट धंदा करणार, असा त्यांचा मुद्दा होता. शिफारशी आणि मंत्रिमंडळाची मान्यता यांच्यात पावणेचार वर्षे गेली. त्या काळात बाजारच बदलला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली, आणि 2014 मध्ये एका जीबीला अडीचशे रुपयांहून अधिक असलेला सरासरी खर्च काही वर्षांत दहा रुपयांच्या आसपास आला. वाणी अमलात आली तोवर तिच्या अनेक संभाव्य ग्राहकांच्या खिशात दिवसाला दीड जीबी आधीच होते. त्याच सुमारास, 2020 च्या टाळेबंदीत, कोकणातली मुले रेंजसाठी डोंगर चढून तासाला बसत होती, हेही विसरता येत नाही. स्वस्त दराने डेटाचा प्रश्न अनेकांसाठी सोडवला, सर्वांसाठी सोडवला नाही.

कुठे अडले

मार्गदर्शक सूचनांनुसार दुकानदाराने इंटरनेटची जोडणी परवानाधारक कंपनीकडून घ्यायची. कोणती जोडणी, कोणत्या दराने, हे त्यात ठरवलेले नव्हते. घरी येते ती फायबरची साधी जोडणी दुकानदारासाठी पुरेशी आहे, असे रचनाकारांना अपेक्षित होते. अनेक मोठ्या कंपन्यांनी मात्र व्यापारी कराराचे कारण पुढे करून दुकानदाराला लीज्ड लाइन घ्यायला सांगितले. लीज्ड लाइन ही बँका, कारखाने आणि मोठी कार्यालये घेतात ती राखीव जोडणी असते. तिचा वेग कोणाबरोबर वाटून घ्यावा लागत नाही आणि दुरुस्तीचीही हमी असते, म्हणून ती महाग असते. दूरसंचार विभागाने 2022 मध्ये ही अडचण ट्रायला लेखी कळवली. ट्रायने ऑगस्ट 2024 च्या मसुद्यात नमूद केले की 100 एमबीपीएसच्या लीज्ड लाइनचा खर्च तेवढ्याच वेगाच्या घरगुती फायबरच्या 40 ते 80 पट असू शकतो.

एसटी स्टँडबाहेरच्या चहावाल्याचे एक काल्पनिक गणित मांडून पाहू. रोज 25 जणांनी 5 रुपयांची पुडी घेतली तर दिवसाला 125 रुपये, महिन्याला 3,750 रुपये जमतात. त्यातून पीडीओएचा वाटा, वीज आणि अधूनमधून बिघडणारा राउटर हे सारे वजा करायचे. घरगुती दराची जोडणी 700 रुपयांना मिळाली तर त्याच्या हातात चार पैसे उरतात आणि चहाचे गिऱ्हाईकही थांबते. तीच जोडणी 40 पट दराने घ्यायची तर महिन्याला 28,000 रुपये होतात. तिथे धंदा सुरू होण्यापूर्वीच संपतो. सरकारला द्यायचे शुल्क शून्य केल्याने या गणितात काहीच फरक पडत नाही, कारण आडवा आलेला खर्च सरकारचा नव्हताच.

पीसीओशी केलेली तुलना इथेच लंगडी पडली असे मला वाटते. पीसीओवाला फोनचे युनिट घाऊक विकत घेत नव्हता. तो दूरसंचार खात्याचा कमिशनवरचा माणूस होता. जितके बोलणे जास्त तितके खात्याचेही उत्पन्न जास्त, म्हणून दोघांचे हित एका बाजूला होते. वाणीचा दुकानदार कंपनीकडून माल घेऊन त्याच कंपनीच्या मोबाइल डेटाशी स्पर्धा करतो. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी बहुतांश मोबाइलवरचे आहेत आणि तारेवरची जोडणी असलेले जेमतेम 4 कोटींच्या आसपास. ज्या कंपन्यांचे उत्पन्न मोबाइलच्या रिचार्जवर उभे आहे, त्यांना 5 रुपयांची पुडी विकणाऱ्या टपरीला स्वस्तात फायबर देण्यात रस का असावा? हा कोणाच्या वाईट हेतूचा प्रश्न नाही. प्रतिस्पर्ध्यालाच पुरवठादार केल्यावर जे व्हायचे तेच झाले. रचना आखताना ही गोष्ट दिसायला हवी होती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

कंपन्यांची बाजू पूर्ण खोटी नाही आणि ती नीट समजून घ्यायला हवी. घरगुती फायबरचा दर एका कुटुंबाच्या वापरावर बेतलेला असतो. शंभर घरांना विकलेला वेग सर्व जण एकाच क्षणी वापरत नाहीत, या हिशेबावर ती किंमत उतरते. त्याच जोडणीवर स्टँडवरचे पन्नास प्रवासी एकदम बसले तर तो हिशेब बिघडतो. घरगुती दराने घेऊन व्यापारी तत्त्वावर पुनर्विक्री करणे हे दुसऱ्याच्या गुंतवणुकीवर धंदा करणे आहे, असे कंपन्या म्हणतात तेव्हा त्यात तथ्य असते. मात्र यातून निघणारा निष्कर्ष दर थोडा जास्त असावा एवढाच आहे. चाळीस पट दराचे समर्थन त्यातून होत नाही. कारण टपरीवाल्याला राखीव वेग नको असतो, हमी नको असते, आणि त्याचे गिऱ्हाईकही तासनतास चित्रपट बघत बसत नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न

मे 2022 मध्ये रेलटेलने 100 स्थानकांवरचे आपले वायफाय वाणीशी जोडले. रेलटेलकडे स्वतःचे फायबर आहे, त्यामुळे घाऊक दराचा प्रश्न तिथे आला नाही. रचनेतला दोष कुठे आहे हे दाखवायला हे एकच उदाहरण पुरेसे आहे. जिथे जाळे चालवणाऱ्याच्या हातात मागची जोडणी, म्हणजे हॉटस्पॉटला इंटरनेट पुरवणारी तार, होती तिथे वाणी चालली. गावोगावच्या केबलवाल्यांबद्दलही तसेच म्हणता येते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत केबल टीव्हीपासून सुरुवात करून इंटरनेटकडे वळलेले असे व्यावसायिक आहेत आणि त्यांना दुकानदार ओळखीचे असतात. विकण्यासाठी मोबाइलचे रिचार्ज त्यांच्याकडे नसल्यामुळे वाणी त्यांची स्पर्धक ठरत नाही, उलट गिऱ्हाईक ठरते. धोरणाने या मंडळींकडे पहिल्यापासून पाहायला हवे होते.

सप्टेंबर 2024 मध्ये दूरसंचार विभागाने मार्गदर्शक सूचनांत दुरुस्त्या केल्या. त्यांतून मोबाइल कंपन्यांना आपल्या ग्राहकांचा डेटा वाणीच्या हॉटस्पॉटवर वळवण्याची वाटही मोकळी झाली. ही दुरुस्ती दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. जाड भिंतींच्या इमारतींत, तळघरांत, गर्दीच्या बाजारांत मोबाइलचा मनोरा कमी पडतो, आणि तिथे टपरीवरचे वायफाय कंपनीलाही उपयोगी पडू शकते. असे झाले तर पीसीओच्या काळासारखे दोघांचे हित पुन्हा एका बाजूला येईल.

दराचा निर्णय त्यानंतर आला. ट्रायने 2024 च्या मसुद्यात पीडीओला घरगुती ग्राहकाइतकाच दर लावावा असे सुचवले होते. कंपन्यांचे आक्षेप ऐकून जून 2025 च्या अंतिम आदेशात मधला मार्ग काढला. 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबरच्या सर्व योजना पीडीओलाही द्यायच्या, आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. वरच्या गणितात 28,000 च्या जागी 1,400 रुपये घालून पाहिले तर धंदा होऊ शकतो, फार मोठा नाही, पण होऊ शकतो. दुप्पट ही मर्यादा मला न्याय्य वाटते, कारण वापर वाढतो हा कंपन्यांचा खरा मुद्दा तिने मान्य केला आणि लीज्ड लाइनचा अवाजवी आग्रह नाकारला. हा आदेश 2021 मध्येच निघाला असता तर डेटाच्या दरवाढीपूर्वी, म्हणजे जुलै 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले त्याआधी, वाणीचे दुकानदार पाय रोवून उभे असते.

एक वेगळी वाट

स्पेनमधल्या कॅटालोनियात ओसोना या ग्रामीण भागात 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्विफी’ जाळ्याने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला, म्हणून त्याची दखल घ्यावीशी वाटते. मोठी कंपनी शेतांपर्यंत ब्रॉडबँड नेत नव्हती, तेव्हा लोकांनी घरांच्या छपरांवर अँटेना लावून एकमेकांना जोडून घेतले, पुढे 2008 मध्ये संस्था नोंदवली आणि 2009 पासून फायबरही टाकायला सुरुवात केली. त्यांची सक्रिय केंद्रे तीस हजारांच्या वर गेली. जाळ्याचा परवाना असा आहे की जो जोडला जाईल त्याने आपला भाग इतरांना त्याच अटींवर वापरू द्यायचा. नफ्यासाठी सेवा विकणाऱ्या लहान कंपन्याही याच जाळ्यावर एकमेकींशी स्पर्धा करतात, आणि जो जास्त वापरतो तो देखभालीच्या सामाईक खर्चात जास्त भर घालतो. इथे मागची जोडणी कोणा एकाच्या मालकीची नाही आणि तिच्या खर्चाचा हिशेब सर्वांसमोर असतो. भारतात एवढे मोठे सहकारी जाळे उभे राहण्यात कायद्याच्या अडचणी आहेत, हे मान्य. पण साखर आणि दुधाच्या सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

भारतात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी सार्वजनिक मालमत्ता म्हणजे भारतनेट, ग्रामपंचायतींपर्यंत नेलेले सरकारी फायबर. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमाला 1,39,579 कोटी रुपयांची मान्यता मिळाली. या तारेचा मालक मोबाइल रिचार्जच्या धंद्यावर जगत नाही, आणि ती ज्या गावांत जाते तिथे बहुधा दुसरे फायबर नसते. ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत आलेली ही तार तिथल्या किराणा दुकानापर्यंत कोण नेणार, आणि दुकानदाराला ती दुपटीच्या मर्यादेत मिळेल की घरगुती दरानेच, हे जिल्ह्याजिल्ह्यातल्या देखभालीच्या करारांत ठरेल. ते करार करताना पीडीओचा दर एका स्वतंत्र ओळीत लिहिला जावा, अशी मागणी आताच करायला हवी.